कापेलच्या दारातला पाऊण तास

आमच्या घरात संचारबंदी प्रथम आली ती शेजारच्या तांते इर्माच्या तोंडून, आणि तेव्हा ती इथल्या सरकारच्याही डोक्यात नव्हती. तांते म्हणजे मावशी. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात आमच्या गल्लीतली सगळी मुलं तिला तांतेच म्हणत. ती मूळची कुरसावची. कॅरिबियन समुद्रातलं बेट, पण शाळेतली पुस्तकं डच, त्यामुळे आपलं डच गल्लीतल्या डच लोकांपेक्षा शुद्ध आहे असं ती स्वतःच सांगायची. आदल्या वसंतात ती पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे गेली, करोनामुळे विमानं बंद झाली, आणि पंधरा दिवसांचे चार महिने झाले. परत आली ती एखादी पदवी घेऊन आल्यासारखी. संध्याकाळी ती आपल्या कुंपणापलीकडे उभी राही, आई आमच्या बाजूला कपडे वाळत घालत असे, आणि मधे मी. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुण्याहून येऊन पाच वर्षं झाली होती. तांतेचं डच मराठीत आणि आईच्या शंका डचमध्ये नेऊन सोडणं हे माझं घरातलं ठरलेलं काम होतं, जसं दूध आणणं किंवा काच-कचरा टाकून येणं. आईला डच येत होतं, वर्ग झाले होते, परीक्षा झाली होती. पण तांते बोलायची भरभर आणि आई उत्तराचं व्याकरण तपासत बसायची, तोवर तांतेचा विषय बदललेला असायचा.

तांतेच्या बेटावरच्या गोष्टी मी चौकटीच्या वहीत उतरवून घेई. तिथे म्हणे गाडीच्या नंबरपाटीवरच्या अक्षरावरून बाहेर पडायचे वार ठरवून दिले होते. बहिणीच्या गाडीला एक वार, भाच्याच्या गाडीला दुसरा. "आणि एका जावयाशी आमचा दहा वर्षं अबोला होता," तांते सांगायची, "पण नेमका त्याच्याकडे बुधवार होता. मग काय, बोललो." पुढे ती बोटांवर मोजत नियम सांगे. पाव आधी, पेट्रोल नंतर. औषधं महिन्याची. बर्फ मिळेल तेव्हा घ्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून: "घड्याळ बघून पळतात ते सगळे पकडले जातात. वेळ झाली की जिथे असाल तिथेच झोपायचं. ज्याच्या दारात असाल, तो तुमचा नातेवाईक."

"पाणी भरून ठेवायचं का, विचार," आई म्हणाली.

मी विचारलं. बेटावर वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून भरतात, असं तांते म्हणाली. माझं भाषांतर पूर्ण व्हायच्या आत आई बादल्या शोधायला गेली होती. काही महिन्यांनी इथेही रात्री नऊ ते पहाटे साडेचार संचारबंदी लागणार असं पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं, तेव्हा आमच्या घरात दोन पिंप पाणी, तीन पोती कणीक, मेणबत्त्या आणि अडीच किलो मूगडाळ अशी तयारी होती. बाबा संगणकावरून मान वर न करता म्हणाले, "अगं, हे बेट नाही. नीउ-व्हेनेपमध्ये नऊला कोण बाहेर असतं? इथे सहाला दुकानाचं शटर पडलं की माणसं आपोआप आत जातात."

"कुत्री असतात," मी म्हणाले. नियमांत तसं होतंच: कुत्र्याला पट्टा लावून एकट्याने फिरवायला परवानगी होती. तेव्हापासून जन्मभर कुत्र्याला भ्यालेले माझे बाबा तांतेच्या कुत्र्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.

आज मी इस्पितळात शस्त्रक्रियांची वेळापत्रकं लावते, आणि लोक म्हणतात की तुझा स्वभावच यादीचा. स्वभाव वगैरे काही नसतो. त्या हिवाळ्यात घरात कोणीतरी शांत राहायला हवं होतं, आणि यादी करणारं माणूस बाहेरून शांत दिसतं, एवढंच मला कळलं होतं.

आई शांत नव्हती, आणि त्याला कारण होतं. बाबांच्या नोकरीच्या परवान्यावर 'सोबत आलेली पत्नी' म्हणून ती इथे आली होती. पुण्यात तिने अकरा वर्षं बालवाडी चालवली होती. इथे पाच वर्षं तिने मला, बाबांना आणि डच क्रियापदांना सांभाळलं. आणि आता, शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या एका केंद्रात तिला पहिली नोकरी मिळत होती. मुलाखत झाली होती, गणवेशाचं माप घेतलं होतं. फक्त सरकारकडून सद्वर्तनाचा दाखला यायचा होता. तो आला की पुढच्या सोमवारपासून कामावर. नाही आला तर जागा दुसऱ्या बाईला.

"चारित्र्याचा दाखला?" आई म्हणाली होती. "ह्या वयात?"

तेव्हापासून ती लाल दिव्यावर रिकाम्या रस्त्यातही थांबू लागली. संचारबंदी लागल्यावर तिने बाबांना विचारलं, "नऊनंतर पकडलं आणि दंड झाला, तर तो दाखल्यावर येतो का हो?"

"बहुतेक नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. त्या 'बहुतेक'ने आमचं घर पुढचे कित्येक दिवस साडेआठलाच कडी लावून बसलं.

मी वहीत दोन रकाने पाडले होते: नियम आणि सल्ला. संचारबंदी हा नियम, त्याला दंड. घरी दिवसाला एकच पाहुणा, हा सल्ला, त्याला दंड नाही. आई म्हणे, आपण परके लोक, आपल्याला सल्लासुद्धा नियमच. त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू हा मोठाच पेच झाला. एरवी एका शनिवारी चौदा बायका येत, दिवाणखान्यात भेळेचा आणि अत्तराचा वास कोंदे, आणि बाबा वरच्या खोलीत पळून जात. आता दिवसाला एक. मी कॅलेंडर काढलं, संक्रांत ते रथसप्तमी दिवस मोजले, आणि बायका वाटून दिल्या. प्रत्येकीला एक तास. तीळ तुर्की दुकानातले, गूळ सुरिनामी दुकानातला. कुंकू लावायला प्रत्येकीला स्वतंत्र इअरबड, एकदा वापरून टाकायचा. वाण म्हणून आईने ब्लाउजपीसचे मास्क शिवले होते, त्याला काठ. बायका दीड मीटरवरून उखाणे घेत. मास्कमुळे नवऱ्याचं नाव नीट ऐकू येत नसे, पण कुणाचं काही अडलं नाही.

शेवटचा दिवस, रथसप्तमी, मी पेंडसे काकूंना ठेवला होता. काकू कापेल आन डेन आयसेलला राहत, रॉटरडॅमच्या कडेला, आमच्यापासून पाऊण तास. साठीच्या, गोऱ्या, आवाज खणखणीत. आम्ही नवे आलो तेव्हा पहिला कुकर त्यांनी दिला होता. पेंडसे काका त्यांच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेले होते आणि तांतेसारखेच अडकले होते. आठ महिने झाले होते. काकूंना गाडी चालवता येत नव्हती आणि त्या काळात आगगाडीत बसायची त्यांची तयारी नव्हती. "जी येऊ शकत नाही तिच्याकडे आपण जायचं," आई म्हणाली, आणि मी वेळापत्रक केलं. सहाला निघणे. पावणेसातला पोहोचणे. सातचाळीसला उठणे. पावणेआठला गाडीत. साडेआठला घरी. अर्धा तास राखीव. ते मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "सई, तू आमच्या कंपनीत ये." त्या स्तुतीवर मी दोन दिवस जगले.

पाहुणा एकच, म्हणून आई एकटी आत गेली. बाबा आणि मी समोर गाडीत बसलो. गाडीत बसलेला माणूस पाहुणा नसतो, हे मी वहीत तपासून घेतलं होतं. डच घरांना पडदे असतात, पण ओढलेले नसतात. काकूंनी इथे पंचवीस वर्षं काढून एवढी एक गोष्ट उचलली होती. त्यामुळे सगळं चित्रपटासारखं दिसत होतं, फक्त आवाज नव्हता. कुंकू झालं. तिळगूळ झाला. मधेच काकू बाहेर आल्या आणि त्यांनी गाडीच्या टपावर दोन कप चहा आणि साबुदाणा वड्यांची बशी ठेवून दिली, अंतर राखायला म्हणून. बाबा वडा खात म्हणाले, "ही साथ अशीच चालू राहिली तरी चालेल."

सातचाळीसला आई उठली. अगदी मिनिटाला. मला तिचा अभिमान वाटला.

मी त्या वहीत पाण्यापासून मेणबत्त्यांपर्यंत सगळं लिहिलं होतं. मराठी माणूस उठल्यापासून निघेपर्यंत किती वेळ लागतो, तेवढं लिहायचं राहिलं होतं. बाबा बसल्या बसल्या धावतं वर्णन करू लागले. "उठली. काकू म्हणतायत, बस गं, एवढी काय घाई. पुन्हा कुंकू, निघताना लावायलाच हवं. आता डबा. आपला डबा रिकामा कसा द्यायचा? काकू स्वयंपाकघरात. काकू अजून स्वयंपाकघरात. आल्या. डबा भरला. आता बूट. एक बूट घातला."

"दुसरा?"

"दुसरा हातात आहे. हातात बूट घेऊन ती काहीतरी सांगते आहे."

आठ वाजून गेले. आईच्या पर्समध्ये मी पाठवलेल्या निरोपांचा उजेड लुकलुकताना मला इथून दिसत होता. "हॉर्न वाजवा," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. या देशात संध्याकाळी निवांत गल्लीत हॉर्न वाजवणं म्हणजे दाखला गेलाच. मग दार उघडलं. आई पायरीवर आली, काकू उंबऱ्यात थांबल्या, आणि खरं बोलणं तिथे सुरू झालं. आता इतकी वर्षं मी बघते आहे, आपल्या लोकांचा मुख्य विषय नेहमी दारातच निघतो; आत बसून बोलतो ती नुसती प्रस्तावना.

"मी आणते तिला," म्हणून मी उतरले. पायरीपाशी गेले तर काकू म्हणाल्या, "अगं सई! केवढी झालीस! कुठला ग्रूप घेतलास? विज्ञान?" मग आईकडे वळून, "मेधा, हिला चिवडा आवडायचा ना? थांब हं." त्या आत गेल्या. आई म्हणाली, "निघालोच." मीही म्हणाले, "निघालोच." दहा मिनिटांनी बाबा आम्हा दोघींना न्यायला आले, तर काकू म्हणाल्या, "बरे आलात. ते वायफाय जरा बघता का? ह्यांचा चेहरा थांबून थांबून येतो. काल तर बोलता बोलता तोंड उघडं ठेवूनच अडकले." बाबांना कुणी बिघडलेलं यंत्र दाखवलं की ते नाही म्हणू शकत नाहीत. ते आत न जाता, उंबऱ्याबाहेर उभे राहून, आत हात घालून कोपऱ्यातली पेटी चालू-बंद करू लागले.

आम्ही निघालो तेव्हा आठ सत्तावीस झाले होते. मी ते वहीत लिहिलं, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

महामार्गाला लागल्यावर नकाशावरची बाई शांतपणे सांगत होती: पोहोचण्याची वेळ नऊ वाजून बारा मिनिटं. मागच्या सीटवर चिवड्याची पिशवी माझ्या मांडीवर कुरकुरत होती.

"जरा जोरात जातो," बाबा म्हणाले.

"म्हणजे वेगाचाही दंड," आई म्हणाली.

"मग मागच्या रस्त्याने घेतो. शेतातून. तिथे कोण असतंय?"

"अहो, चोर आहोत का आपण?"

मी स्वघोषणेचे छापील अर्ज काढले. पाच प्रती आणल्या होत्या. नऊनंतर बाहेर असण्याची कारणं तिथे दिली होती आणि योग्य चौकोनात खूण करायची होती: काम, दवाखाना, अंत्यविधी, असं बरंच काही. मी दोनदा वाचलं. हळदीकुंकवाला चौकोन नव्हता. अंत्यविधीवर खूण करावी असं एक क्षणभर माझ्या मनात आलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई समोरच्या काचेतून बघत होती. तिला डच क्रियापदं आठवत होती की गणवेश, मला माहीत नाही. दोन फाटे मागे गेले. मग ती म्हणाली, "गाडी वळवा."

"कुठे?"

"काकूंकडे. नऊच्या आत पोहोचतो. तिथेच झोपू."

"तिघं?" बाबा म्हणाले. "अगं, पाहुणा एकच म्हणालेत."

"सई," आई मागे न बघता म्हणाली, "त्याला दंड आहे का?"

मी वही उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. "नाही. तो सल्ला आहे. पण आई, आपण आजपर्यंत एकदाही..."

"मला माहीत आहे."

"आपण तीन आठवडे एकेकीला बोलावलं. इअरबडसुद्धा मोजले."

"मोजलेस ना? मग तुला हिशेब माहीत आहे. जिथे असाल तिथे झोपायचं, असं ती इर्मा म्हणते ते मला पटतं. बेटावर काय आणि इथे काय, पळायचं नाही. वळवा हो."

बाबांनी पुढच्या फाट्यावर गाडी वळवली. माझ्या वहीत पहिल्यांदाच आम्ही जाणूनबुजून काहीतरी मोडणार होतो, आणि मोडायचं ठरवणारी माणसं आईबाबा होती. पंधराव्या वर्षी आपल्याला वाटतं, नियम मोडणं हे आपलं काम आणि थांबवणं हे त्यांचं. मी चिवड्याची पिशवी उघडली.

नऊला बारा मिनिटं कमी असताना आम्ही पुन्हा कापेलला त्या दारासमोर उभे होतो. खिडकीत दिवा तसाच होता. काकू टेबलाशी बसल्या होत्या. आईचा कप त्यांनी उचललेला नव्हता. तो समोर तसाच होता. आमच्यामागे दार लावल्याला वीस मिनिटं होऊन गेली होती. बाबांनी इंजिन बंद केलं आणि कोणीच लगेच उतरलं नाही. मग आईने बेल वाजवली.

दार उघडलं. काकूंच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं आलं, मग आनंदाचं, आणि मग, अगदी लगेच, विजयाचं. "म्हटलं नव्हतं, बस गं, एवढी काय घाई!"

"काकू, तिघं आहोत हो," बाबा म्हणाले.

"मग तांदूळ तीन वाट्या," काकू म्हणाल्या, आणि आत वळल्या.

सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून, फेब्रुवारीच्या थंडीत, अंगावर कोट आणि रजया घेऊन आम्ही चार कोपऱ्यांत बसून मुगाची खिचडी, तूप आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. आई अधूनमधून थर्मामीटरसारखी प्रत्येकाच्या नाकाकडे बघत होती. काकू एका श्वासात आठ महिने बोलल्या. बाबांना काकांचा पायजमा मिळाला, तो घोट्याच्या वर चार बोटं होता. मी कोचावर झोपले आणि झोपण्यापूर्वी वहीत काहीच लिहिलं नाही. पहाटे साडेचारला संचारबंदी उठली. आम्ही सहाला उठलो, पोहे झाले, आणि आईने निघताना दोन्ही बूट एकदम घातले. तरी दारात अर्धा तास गेलाच. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही. पुढचे दहा दिवस मात्र आई रोज सकाळी घरात आमच्या आणि फोनवर काकूंच्या तब्येतीची चौकशी करत राहिली, आणि कुणाला साधी शिंकही आली नाही, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली.

दाखला त्यानंतर आला. शनिवारी, दारातल्या फटीतून, बाकीच्या जाहिरातींबरोबर. आईने हात धुतले, पुसले, आणि पाकीट सुरीने उघडलं. एकच पातळ कागद होता. मी भाषांतराला पुढे झाले, तर तिने मला हातानेच थांबवलं आणि स्वतः मोठ्यांदा डचमध्ये वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. मग मराठीत म्हणाली, "या बाईच्या विरुद्ध काही आढळलं नाही."

"वा!" बाबा उठून उभे राहिले. "झालं की! चहा टाक, नाही, मीच टाकतो."

आई कागद उलटा करून बघत होती. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?"

"एवढंच असतं त्यात. तेच तर पाहिजे."

"पाच वर्षं राहिले यांच्या देशात," आई म्हणाली. "त्यांची भाषा शिकले, लाल दिव्याला थांबले, कचरा सात डब्यांत वेगळा केला. आणि यांनी एवढं शोधून यांना माझ्याबद्दल काहीच आढळलं नाही?"

"अगं, ते चांगलं असतं!"

"असू दे चांगलं." तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गणवेश इस्त्री करायला टेबलावर पसरला. "सोमवारपासून आढळेन मी त्यांना."